पात्रयोजनेचा अधिकार

चित्रपट पाहून बाहेर पडलेला प्रेक्षक कथेविषयी बोलतो, संगीताविषयी बोलतो, अमक्या नटाने काम उत्तम वठवले किंवा पार बिघडवले असेही बोलतो. परंतु त्या भूमिकेसाठी तोच नट का निवडला गेला, तो कोणी निवडला, त्या वेळी आणखी कोणाकोणाचा विचार झाला आणि ते का मागे पडले, हे प्रश्न सहसा त्याच्या मनाला शिवत नाहीत. वास्तविक पडद्यावर पहिले दृश्य उमटण्यापूर्वी कित्येक महिने झालेल्या या निवडीनेच त्या चित्रपटाचे अर्धेअधिक भवितव्य ठरवून टाकलेले असते. लेखकाने कागदावर उतरवलेला मनुष्य तोपर्यंत केवळ एक शक्यता असतो. त्याला उंची, वर्ण, आवाज, चालण्याची ढब, बोलण्यातला मुलूख आणि चेहऱ्यावर साचलेला भूतकाळ हे सारे पात्रयोजनेच्या क्षणी प्राप्त होते, आणि एकदा प्राप्त झाले म्हणजे मागाहून दिग्दर्शनाने किंवा संकलनाने कितीही कौशल्य खर्ची घातले तरी ते पुसता येत नाही. इतक्या निर्णायक महत्त्वाची ही गोष्ट आपल्या चित्रव्यवसायात ज्या वहिवाटीने उरकली जाते, तिच्यात ना लेखी नोंद असते, ना कारणांची नोंद, ना कोणाची जबाबदारी. ही वहिवाट कलेला घातक आहे आणि त्या कलेच्या दारात तिष्ठत उभ्या असलेल्या हजारो माणसांवर अन्याय करणारी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

व्यवसायाच्या जन्मकाळी अडचण निराळी होती. दादासाहेब फाळके ‘राजा हरिश्चंद्र’च्या सिद्धतेला लागले, तेव्हा तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळावी म्हणून त्यांनी केलेले सर्व प्रयत्न निष्फळ ठरले, कुलीन घरांतील स्त्रियांची गोष्टच सोडा, ज्यांना समाजाने प्रतिष्ठेच्या उंबरठ्याबाहेर काढले होते त्या स्त्रियांनीही कॅमेऱ्यापुढे उभे राहण्यास नकार दिला. अखेर ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके फाळक्यांच्या नजरेस पडले, आणि १९१३ साली या तरुणाने भारतीय चित्रपटाची पहिली नायिका साकार केली. त्याच वर्षीच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई या मायलेकी पडद्यावर आल्या आणि स्त्रीभूमिकेसाठी स्त्री मिळण्याचा मार्ग मोकळा झाला, तरीही ‘लंकादहन’मध्ये (१९१७) राम आणि सीता या दोन्ही भूमिका साळुंक्यांनीच केल्या, आणि ‘कालिया मर्दन’मधील (१९१९) बाळकृष्ण फाळक्यांची स्वतःची लेक मंदाकिनी झाली. यांतील बऱ्याच निवडी नाइलाजाच्या होत्या हे खरे. पण त्या नाइलाजातही ज्याच्या मनश्चक्षूंपुढे चित्र होते त्याच्याच हाती माणूस निवडण्याची मुखत्यारी होती, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

या मुखत्यारीचे सर्वांत सुंदर फळ म्हणून मी ‘प्रभात’च्या ‘संत तुकाराम’कडे (१९३६) पुनःपुन्हा वळतो. तुकारामाच्या भूमिकेसाठी विष्णुपंत पागनीस यांचे नाव पुढे आले, तेव्हा दामले आणि फत्तेलाल हे दिग्दर्शकद्वय आरंभी राजी नव्हते, कारण पागनीस रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारे नट म्हणून ओळखले जात आणि त्या दीर्घ सवयीचे मार्दव त्यांच्या हालचालींत भिनलेले होते. दुष्काळाने होरपळलेल्या, दिवाळे निघालेल्या, देहूच्या एका गृहस्थाला हे मार्दव कसे शोभावे, ही शंका मुळीच अनाठायी नव्हती. परंतु शंका घेऊनही त्यांनी अखेर होकार दिला, आणि ज्या मार्दवावर आक्षेप होता तेच पडद्यावर तुकोबांच्या लीनतेचे रूप घेऊन प्रकट झाले. त्या चेहऱ्यावर भक्तीचा आविर्भाव नाही, आपण कोणी विशेष आहोत अशी जाणीव नाही, स्वतःच्याच घरात थोडा परका झालेला एक सात्त्विक माणूस तेवढा आहे. त्यांच्यासमोर जिजाई म्हणून उभी राहिली ‘प्रभात’मध्ये किरकोळ कामे करणारी गौरी. आजारी मुलाला ओढीत, हातात पायातली वहाण घेऊन, विठोबाला जाब विचारायला देवळात शिरणारी ती बाई पाहावी आणि मग मनाशी विचार करावा, की त्या काळची एखादी नामांकित नायिका त्या जागी असती तर त्या वहाणेत एवढी धग राहिली असती काय? मला तसे वाटत नाही. गौरीचे उभे राहणे, कंबर खोचून भांडणे, नवऱ्यावर रागावताना मध्येच त्याच्या भुकेची काळजी करणे, या सगळ्यांत रोजच्या श्रमाची सवय आहे. संत आणि संसार यांचा जो झगडा शब्दांनी सांगायला पाने खर्ची पडली असती, तो या दोन देहांच्या निवडीनेच अर्धा सांगून टाकला. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला, तेव्हा मराठी न कळणाऱ्यांनाही तो झगडा उमगला, याचे श्रेय मी प्रथम या दोन निवडींना देईन.

‘प्रभात’ला हे साधले याचे एक कारण तिच्या रचनेत होते. नट आणि तंत्रज्ञ कंपनीचे पगारी नोकर असत, एकाच आवारात वावरत, आणि दिग्दर्शकांना त्यांचा स्वभाव, आवाज, राग, आळस हे सर्व रोजच्या सहवासातून ठाऊक असे. निवड करणारा माणूस निवडल्या जाणाऱ्याला ओळखत होता. त्या पद्धतीला तिच्या मर्यादा होत्या. कोल्हापूरच्या किंवा पुण्याच्या त्या आवारापर्यंत ज्याचा पाय पोहोचला नाही त्याला तेथे स्थान नव्हते, आणि मालकांच्या मर्जीपुढे अपील नव्हते. तरीही निवडीचा निकष बहुधा भूमिका हाच राहिला.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आणि त्यानंतर हे चित्र पालटले. युद्धकाळातील नफ्याचा पैसा चित्रधंद्यात शिरला, मोठ्या चित्रसंस्था एकामागून एक मोडल्या, नट स्वतंत्रपणे करार करू लागले, आणि निर्मात्याचे भांडवल वितरकाच्या आगाऊ रकमेवर अवलंबून राहू लागले. मुंबई, दिल्ली आणि उत्तर प्रदेश, पूर्व पंजाब, निजाम, सीपी-बेरार अशा मुलखांत वाटलेल्या वितरणाच्या बाजारात प्रत्येक वितरक पहिला प्रश्न एकच विचारी, की चित्रात कोण आहे. कथा काय आहे हा प्रश्न दुसरा, आणि पुष्कळदा तो येतच नसे. येथेच पात्रयोजनेचा अधिकार चित्र पाहणाऱ्या डोळ्यांकडून हिशेब पाहणाऱ्या डोळ्यांकडे गेला, आणि तो आजतागायत पुरता परत आलेला नाही. मुलखांच्या जागी पुढे दूरचित्रवाहिन्यांचे हक्क आले, त्यानंतर ओटीटी आले; पहिला प्रश्न तोच राहिला.

हिशेब पाहण्यात गैर काही नाही. ज्याने पैसा लावला त्याला त्याची काळजी असणारच. माझे म्हणणे एवढेच, की या विशिष्ट बाबतीत तो हिशेब वारंवार खोटा ठरला आहे, कारण कोणते नाव काल चालले एवढेच त्याला ठाऊक असते. ‘जंजीर’ (१९७३) प्रस्थापित नायकांनी नाकारल्यावर लागोपाठच्या अपयशांनी बाजारातून उठलेल्या अमिताभ बच्चन यांच्याकडे आला. ‘शोले’मधील (१९७५) गब्बरसिंगाची भूमिका डॅनी डेन्झोंग्पा यांना ठरली होती, ‘धर्मात्मा’च्या चित्रीकरणासाठी ते अफगाणिस्तानात गुंतले म्हणून ती अमजद खान या जवळजवळ अपरिचित नटाच्या वाट्याला आली. म्हणजे व्यवसायाला ज्या निवडींचा आज अभिमान वाटतो त्यांतील कित्येक, बाजाराची पहिली पसंती हुकल्यामुळे झालेल्या आहेत. ज्या भूमिकांच्या बाबतीत असा अपघात घडला नाही, त्यांचे काय झाले असेल, याची मोजदाद कोण ठेवणार?

मध्यंतरी एक चांगली गोष्ट घडली, आणि तिचे श्रेय नाकारणे अन्यायाचे होईल. पात्रयोजना हे स्वतंत्र शिक्षणाचे आणि परिश्रमाचे काम आहे, ही जाणीव हळूहळू आपल्याकडे रुजली. रिचर्ड अॅटनबरो यांच्या ‘गांधी’साठी (१९८२) भारतातील पात्रयोजनेचे काम डॉली ठाकोर यांनी पाहिले. कस्तुरबांच्या भूमिकेसाठी स्मिता पाटील आणि भक्ती बर्वे यांच्याही चाचण्या झाल्या आणि शेवटी निवड रोहिणी हट्टंगडी यांची झाली. पुढे त्यांना त्या कामासाठी ‘बाफ्टा’ पारितोषिक मिळाले. ‘बँडिट क्वीन’ची (१९९४) पात्रयोजना तिग्मांशु धूलिया यांची, त्या चित्रपटातील सीमा बिस्वास आणि मनोज बाजपेयी हे चेहरे रंगभूमीवरून आले होते आणि बाजाराच्या कोणत्याही यादीत नव्हते. ‘गँग्ज ऑफ वासेपूर’पर्यंत (२०१२) येता येता मुकेश छाब्रा यांच्यासारख्या कास्टिंग डायरेक्टरचे नाव सामान्य प्रेक्षकालाही परिचित झाले. दुय्यम भूमिकांतील माणसे आज पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक खरी वाटतात, हवालदार हवालदारासारखा आणि शेजारीण शेजारणीसारखी दिसते, ते या मंडळींच्या मेहनतीमुळे. अमेरिकेच्या ऑस्कर पारितोषिकांत २०२५ सालच्या चित्रपटांपासून पात्रयोजनेसाठी स्वतंत्र पारितोषिक ठेवण्यात आले. आपल्या राष्ट्रीय पुरस्कारांत ते अद्याप नाही, आणि असायला हवे.

परंतु या नव्या व्यवस्थेचे दार प्रत्यक्षात कसे आहे ते जवळून पाहावे. अंधेरी पश्चिमेला वर्सोव्याजवळ आराम नगर नावाची जुन्या बैठ्या घरांची वसाहत आहे, आणि त्यांतील अनेक घरांत ऑडिशनच्या खोल्या आहेत. सकाळपासून दारापुढे मुले-मुली उभी असतात. कोणी लातूरहून आलेले, कोणी बिलासपूरहून, बहुतेकांच्या पाठीवरच्या पिशवीत इस्त्री केलेला आणखी एक शर्ट, कारण आतून ‘फॉर्मल’ मागतील की ‘कॅज्युअल’ हे कोणाला सांगता येत नाही. दारातला सहायक चेहऱ्याकडे एक नजर टाकतो आणि पुष्कळदा तेथल्या तेथे ‘नॉट फिट’ म्हणून मोकळा होतो. कशासाठी नॉट फिट, हे विचारण्याची सोय नाही. ज्यांना आत घेतले जाते त्यांच्या हाती एक पान पडते, ते पाठ करायला थोडा अवधी मिळतो, मग कॅमेऱ्यासमोर नाव, वय, उंची सांगायची, डावी बाजू दाखवायची, उजवी बाजू दाखवायची, दोन्ही हात पुढे-मागे करून दाखवायचे, आणि पानावरचा प्रसंग करायचा. समोरच्या पात्राचे संवाद कोणीतरी एकसुरात वाचत असतो. त्या पात्राचा चित्रपटात पुढे काय प्रवास होतो हे नटाला सांगितलेले नसते, कित्येकदा चित्रपटाचे नावही नसते. ‘कळवतो’ हा शेवटचा शब्द, आणि त्यानंतर बहुतेकांना काहीच कळवले जात नाही. करोनाच्या साथीनंतर घरूनच मोबाइलवर चित्रण करून पाठवण्याची, ‘सेल्फ टेप’ची पद्धत बळावली, तिने प्रवासखर्च वाचला, लातूरच्या मुलाला लातुरातूनच प्रयत्न करता येऊ लागला, हा तिचा मोठा गुण, पण पाठवलेली टेप कोणी उघडून पाहिली की नाही, हेही आता कळेनासे झाले. त्यात अलीकडे समाजमाध्यमांवर अनुयायी किती, हा आकडा मागण्याची चाल पडली आहे. वितरकाचा जुना प्रश्नच येथे नव्या वेषात, आणि तोही दोन ओळींच्या भूमिकेपर्यंत, येऊन पोहोचला आहे.

मराठी चित्रपटाला या बाबतीत स्वतःचे एक बलस्थान आहे, आणि ते आपण पुरते ओळखलेले नाही. आपल्याकडे राज्य नाट्यस्पर्धा आहे, १९६३ पासून चालत आलेला पुरुषोत्तम करंडक आहे, जिल्ह्याजिल्ह्यांतून एकांकिका करणारी महाविद्यालये आहेत. त्याखेरीज ज्यांनी कधी रंगमंच पाहिलेला नाही अशा माणसांच्या अंगी असलेली जिवंत भाषा आहे. नागराज मंजुळे यांनी ‘फँड्री’साठी सोमनाथ अवघडे या हलगी वाजवणाऱ्या गावाकडच्या मुलाला निवडले, आणि ‘सैराट’साठी (२०१६) अकलूजच्या शाळकरी रिंकू राजगुरूला. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मधील लोकशाहीर नारायण कांबळे साकारले ते वीरा साथीदार यांनी, ज्यांचे स्वतःचे आयुष्य नागपुरात चळवळीत गेले होते, व्यावसायिक नटाने तो शाहीर उत्तम उभा केला असता, पण पोवाडा संपल्यावर खुर्चीत बसतानाचा तो शांत थकवा त्याने कोठून आणला असता?

‘सैराट’ची गोष्ट येथे थोडी थांबून पाहण्याजोगी आहे. आर्ची बुलेटवरून जाते, ट्रॅक्टर चालवते, भर वर्गात उठून दरडावते. आणि त्या प्रत्येक वेळी तिच्या तोंडची सोलापुरी बोली ही शिकवलेली नसून श्वासासारखी येते. पाटलाच्या घरची लाडाकोडातली निर्भयता आणि पुढे हैदराबादच्या झोपडपट्टीत त्या निर्भयतेचे गळून पडणे, या दोन टोकांमधले अंतर तिच्या बोलण्यातच मोजता येते. याच कथेचा हिंदी अवतार ‘धडक’ (२०१८) उदयपूरला जाऊन वसला आणि नायक-नायिकेच्या भूमिका जान्हवी कपूर आणि ईशान खट्टर या दोन चित्रसृष्टीतील घराण्यांतून आलेल्या तरुणांना मिळाल्या. त्यांच्या परिश्रमांविषयी मला काही म्हणायचे नाही. दोघांनी मन लावून काम केले. पण मूळ चित्रपटाचा कणा होता तो जातीचा, आणि जात ही आपल्याकडे केवळ संवादांतून बोलत नाही. ती बसण्या-उठण्यात, कपड्यांच्या रंगात, कोणाच्या नजरेला नजर द्यायची आणि कोणाच्या द्यायची नाही यात असते. पात्रयोजना झाली त्याच दिवशी तो कणा निघून गेला, आणि मग उरली ती दोन देखण्या मुलांची प्रेमकथा. चित्रपटाचा आशय कसा बदलतो याचे याहून स्वच्छ उदाहरण मला आठवत नाही.

हीच गोष्ट बोलींची. वऱ्हाडातला शेतकरी, खानदेशातली अहिराणी बोलणारी आजी, मालवणातला खलाशी यांच्या भूमिका मुंबई-पुण्याच्या नटांकडून करवून घ्यायच्या आणि क्रियापदांची शेपटे बदलून बोलीचा भास निर्माण करायचा, ही आपल्या चित्रपटांची आणि मालिकांची जुनी खोड आहे. त्या त्या मुलखातल्या प्रेक्षकाला ती पहिल्या वाक्यातच टोचते. तेथे नट नाहीत असे नाही. तेथवर निवड करणारा पोहोचत नाही.

आता या विषयाच्या ज्या अंगाविषयी बोलताना भल्याभल्यांची वाचा बसते, त्याविषयी. ज्या निवडीला नोंद नाही, कारण नाही आणि अपील नाही, तिच्या आडोशाला लोभ आणि लंपटपणा वाढणारच. केरळ सरकारने २०१७ साली नेमलेल्या न्यायमूर्ती हेमा समितीचा अहवाल २०१९ च्या अखेरीस सादर झाला आणि ऑगस्ट २०२४ मध्ये, तोही काही भाग वगळून, लोकांपुढे आला. ‘अॅडजस्टमेंट’ आणि ‘कॉम्प्रोमाइज’ हे दोन शब्द मल्याळी चित्रव्यवसायात भूमिकेच्या मोबदल्यात स्त्रीकडून काय अपेक्षिले जाते यासाठी रूढ झाले आहेत, हे त्या समितीसमोर आलेल्या कैफियतींतून उघड झाले. हे शब्द केरळच्या सरहद्दीवर थांबत नाहीत, हे मुंबईत काम शोधणारी कोणतीही मुलगी सांगेल. याच्याच जोडीला नोंदणीच्या, ‘पोर्टफोलिओ’च्या, ओळखपत्राच्या नावाखाली पैसे उकळणारे भोंदू दलाल आहेत, खऱ्या ऑडिशनसाठी एक पैसाही द्यावा लागत नाही, ही साधी गोष्ट ठाऊक नसल्याने गावाकडच्या आईबापांनी दागिने गहाण टाकल्याचे प्रकार घडतात.

आणि मुले. मुलांच्या बाबतीत निवड म्हणजे केवळ पसंती नव्हे, ती एका कोवळ्या आयुष्यात केलेली ढवळाढवळ आहे. मीरा नायर यांनी ‘सलाम बॉम्बे’साठी (१९८८) मुंबईच्या रस्त्यावरची मुले कार्यशाळा घेऊन निवडली, आणि त्यानंतर अशा मुलांसाठी सलाम बालक ट्रस्टही उभा केला, इतकी कळकळ फार थोड्यांनी दाखवली आहे. तरीही त्या चित्रपटाच्या बालनायकाला राष्ट्रीय पुरस्कार मिळूनसुद्धा पुढे बंगळुरूत रिक्षा चालवून पोट भरावे लागले. आज कायद्याने बालकलाकाराला दिवसाला पाच तासांहून अधिक राबवता येत नाही, त्याच्या कमाईचा किमान २० टक्के भाग त्याच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेव म्हणून ठेवावा लागतो, आणि चित्रीकरणाला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. कायदा चांगला आहे. त्याची अंमलबजावणी होते की नाही याची रुजवात मात्र क्वचितच कोणी घेतो.

यावर दिग्दर्शक मंडळींचा एक आक्षेप मी ऐकून आहे, आणि तो मी हलका मानत नाही. निवड ही अंतःप्रेरणेची गोष्ट आहे, तिची कारणे कागदावर मांडता येत नाहीत, आणि पागनीसांना पसंत करताना दामले-फत्तेलालांना जर कोणी लेखी खुलासा मागितला असता तर कदाचित त्यांनी नकारच लिहून दिला असता, असे ते म्हणतात. हे खरे आहे. दिग्दर्शकाने अमक्याला का घेतले याचा जाब मागावा असे मी म्हणतच नाही. तो अधिकार निःशंकपणे त्याचाच असावा, किंबहुना तो निर्मात्याच्या आणि वाहिनीच्या हातून काढून त्याला परत मिळावा, हेच माझे मागणे आहे. कागदावर यायला हवी ती वाट, जिच्यावरून माणसे त्या नजरेपर्यंत पोहोचतात: भूमिकेची जाहिरात कोठे दिली, किती जणांना पाहिले, कोणाकडून पैसे घेतले नाहीत याची हमी, नकार कळवला की नाही, तक्रार कोणाकडे करायची.

महाराष्ट्र शासन मराठी चित्रपटांना दर्जानुसार अनुदान देते आणि त्यासाठी निर्मात्याला गोरेगावच्या चित्रनगरीतील महामंडळाकडे कागदपत्रांसह अर्ज करावा लागतो. हा सार्वजनिक पैसा आहे, आणि त्याच्यासोबत अटी घालण्याचा शासनाला पूर्ण अधिकार आहे. त्या अर्जाला पात्रयोजनेचे एक पान जोडणे सक्तीचे करावे. त्यात वर सांगितलेल्या बाबी असाव्यात, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यान्वये नेमलेल्या तक्रार समितीच्या सदस्यांची नावे असावीत, बालकलाकार असल्यास मुदत ठेवीच्या पावतीची नक्कल असावी, आणि चित्रपटाच्या श्रेयनामावलीत पात्रयोजना करणाऱ्याचे नाव असल्याचा दाखला असावा. ज्या निर्मात्याने मुंबई-पुण्याबाहेर, निदान कथेच्या मुलखात जाऊन, खुली चाचणी घेतली असेल त्याला गुणांकनात थोडे झुकते माप द्यावे; नाट्यस्पर्धांची केंद्रे जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत, तेथील सभागृहे त्यासाठी मिळू शकतात. नवे खाते उघडण्याची किंवा नवा कायदा करण्याची यासाठी गरज नाही. सांस्कृतिक कार्य विभागाने मनावर घेतले तर एका शासननिर्णयाने हे पुढील वर्षीच्या अर्जांपासून लागू करता येईल.